मालिनीबाईंचे आर्मार

पेडण्याच्या बाजारात चाळिशीतला, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप असलेला एखादा गृहस्थ पेटती सिगारेट घाईघाईने मुठीत लपवताना दिसला की आम्ही ओळखायचो, पलीकडून मालिनीबाई येत आहेत. सिगारेट विझवायला वेळ मिळत नसे. एकाने ती खिशात कोंबली आणि सदऱ्याला भोक पाडून घेतले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. बाई मात्र शांतपणे छत्री टेकवत त्याच्याजवळून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "खिसा बघ." बस्स. तेवढेच.

बाई आमच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या आणि मी भूगोल. गोवा राज्य झाले त्या सुमारास मी शाळेत लागलो, तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. उंच, शिडशिडीत, सुती साडी, पावसाळा असो की मे महिना, हातात काळी छत्री. पर्समध्ये पैशांच्या कप्प्यात खडू. देवळात दक्षिणा काढायला गेल्या तरी बोटांना पांढरे लागायचे. लग्न केले नव्हते. कोणी विचारलेच तर म्हणत, "वेळ झाला नाही." आणि ते अशा सुरात म्हणत की विचारणाऱ्यालाच आपला वेळ फुकट गेल्यासारखे वाटे.

बाईंचे एक सूत्र होते : घरात कोंकणी, फळ्यावर मराठी. आमच्या पेडणे-डिचोली भागात बहुतेक घरांत हेच चालते, त्यात नवल नाही. पण बाईंच्या बाबतीत मुलांनी त्यातून हवामानखाते काढले होते. बाई कोंकणीत बोलू लागल्या म्हणजे ऊन पडले, पोरगा वाचला. "अरे पुता" म्हणाल्या तर घरी पोचेपर्यंत पेढाही मिळण्याची शक्यता. पण बोलता बोलता बाई शुद्ध मराठीत आल्या, क्रियापदे नीट शेवटाला बसू लागली, की मुले आपोआप सरळ उभी राहायची. भाषेच्या वादाच्या दिवसांत स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते, चहासुद्धा वेगवेगळ्या कोपऱ्यांत व्हायचा. बाईंना कोणी विचारले, तुम्ही कोणत्या बाजूच्या? त्या म्हणाल्या, "साताचा पाढा दोन्ही बाजूंना येत नाही. आधी तो बघू." दोन्ही तटांना राग आला आणि दोन्ही तटांनी त्यांच्याकडेच आपापल्या मुलांची शिकवणी लावली.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. शाळेतली मुले काहीबाही निमित्त काढून बसमध्ये चढायची आणि बाजारात न जाता स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या खोलीत शिरायची. अंधारी, कोंदट खोली, भिंतीला लावलेली चारदोन उंच यंत्रे आणि प्रत्येक यंत्रापुढे पोरांचा घोळका. बाई शाळा सुटताच पुढची बस पकडून म्हापशाला जायच्या. खोलीच्या दारात काळी छत्री दिसली की आत शांतता पसरायची आणि यंत्रे तेवढी एकटीच ओरडत राहायची. बाई कोणाला मारत नसत. कानही धरत नसत. फक्त ज्याच्या हातात यंत्राचा दांडा असेल त्याच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. पोर मान वळवून छत्रीकडे बघायचे, पडद्यावरचा त्याचा शिपाई खड्ड्यात पडायचा, आणि मग बाई म्हणायच्या, "संपला ना खेळ? चल." परतीच्या बसमध्ये पाढे. कंडक्टरलाही ते पाठ झाले होते म्हणे.

या धाडींमध्ये सर्वांत जास्त सापडला तो दिगू. धारगळचा, हायवेला लागून घर. अभ्यासात बेताचा, पण हाताला जे लागेल ते उघडून बघणारा. पुढे त्याने हायवेलाच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले, संसार केला, माणूस मार्गी लागला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने मोठा समारंभ केला. आम्ही भाषणे केली, दरारा, शिस्त, कर्तव्य असले शब्द सढळ हाताने वापरले. त्या शब्दांचे पुढे काय होते ते तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. दरारा असलेल्या माणसाच्या घरी कोणी सहज डोकावत नाही. त्यांचे घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पुढे लांबरुंद ओसरी, त्यात दोन कदेलां, म्हणजे आमच्याकडच्या खुर्च्या, आणि त्या दोन्ही रिकाम्या. शिकवणीही थांबली, कारण आता पालकांना पेडण्यातला क्लास हवा होता. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, देऊन जायचा, त्यानंतर दिवसभर फाटक वाजत नसे. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. बाई म्हणायच्या, "मला काय, मी निवांत आहे." आणि तेवढ्यात रस्त्यावर मुलांचा आवाज आला की बोलणे अर्धे सोडून फाटकाकडे बघायच्या. मुले बाईंचे घर आले की आवाज खाली करून भराभर निघून जायची. बाईंना ते लागायचे. त्यांनी कधी म्हटले नाही, पण मला ते समोर दिसत होते आणि मला त्यांची दया येत होती, जी त्यांना कळली असती तर त्यांनी मला फाटकाबाहेर काढले असते.

एकदा त्यांचा मिक्सर बिघडला म्हणून आम्ही दोघे दिगूच्या दुकानात गेलो. दिगू काउंटरवर एक जुना टीव्ही लावून काहीतरी खेळत होता. बाईंना बघताच त्याने टीव्हीवर दुकानातला टॉवेल टाकला. टीव्ही टॉवेलाखालून वाजतच राहिला.

"लपवतोस कशाला?" बाई मराठीत म्हणाल्या. "मी निवृत्त झाले आहे."

दिगू म्हणाला, "कांय ना बाई, भुरग्यांचें खेळणें."

पोरांचे कसले खेळणे ते बघायला बाईंनी स्वतः टॉवेल उचलला. म्हापशातल्या त्या खोलीत होता तोच खेळ होता. ठेंगणा शिपाई, किल्ला, खड्डे, उड्या. दिगूने भीतभीत सांगितले की ती मोठी यंत्रे कधीच भंगारात गेली, पण आता तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या पट्टीत तसले सगळे जुने खेळ मावतात, टीव्ही जोडायचा आणि खेळायचे. बाई बराच वेळ त्या शिपायाकडे पाहत राहिल्या. मग कदेल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "माझे बीजगणित टाकून तू ज्याच्यामागे गेलास, ते मला आज दाखव."

मिक्सर दुरुस्त होऊन पडला तरी बाई उठल्या नाहीत. परतीच्या बसमधून उतरताना म्हणाल्या, "दोन जण एका वेळी खेळू शकतात त्यात. पाहिलेत ना?" मी पाहिले होते. दोन दांडे होते. बाईंच्या घरात एकाच कपाचा चहा होत होता, हेही मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिगूला निरोप धाडला, तसले अख्खे उभे यंत्र मला ओसरीवर बांधून दे.

दिगू खुळ्यासारखा कामाला लागला. दांडे आणि बटणे त्याने कुरियरने मागवली. पडद्यासाठी नवा चपटा टीव्ही घेऊ म्हणालो तर म्हणाला, ना, काचेच्या जुन्या टीव्हीवरच तो खेळ शोभतो, आणि बाईंच्या माजघरातला जाडजूड टीव्ही उचलून आणला. प्रश्न राहिला लाकडी सांगाड्याचा. तो पांडू मेस्ताकडे गेला. पांडू मेस्त म्हणजे आमच्या गावचा सुतार. देव्हारे, मखरे, देवळाच्या पालखीचे दांडे, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण गेमचे यंत्र म्हणजे काय, हे त्याला काही केल्या कळेना. शेवटी बाईंनी सांगितले, आर्मार कर. कपाटाला आम्ही आर्मारच म्हणतो. मधे टीव्ही बसेल, खाली उतरती फळी, फळीवर दांडे आणि बटणे. हे त्याला पटले. "आर्मार जाल्यार जाता," म्हणाला आणि रंधा काढला.

मेस्ताने जे उभे केले ते बघायला सगळा वाडा, म्हणजे आमची आळी, लोटला नाही, हे बरे झाले. दोन्ही बाजूंना कोरीव खांब, टीव्हीच्या वर महिरप, महिरपीवर कमळ. त्याला काळे रंगवायचे, वर भडक चित्र लावायचे, हा दिगूचा बेत मेस्ताने उडवून लावला. फणसाच्या लाकडाला कोणी काळे फासते काय? पॉलिश करून त्याने आर्मार ओसरीवर मांडले. पहिल्याच सकाळी पोदेर उंडे द्यायला आला, पायऱ्यांशी थबकला, चपला काढल्या आणि हात जोडून गेला. दुपारी बघतो तर फळीवर, बटणांच्या शेजारी, कोणीतरी जास्वंदीचे फूल वाहिलेले. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिले होते.

घोळ झाला तो वेगळाच. दिगू सासरवाडीला कोणाच्या तरी लग्नाला गेला आणि दांडे फळीत बसवायचे काम मेस्तावर सोपवून गेला. दांड्याच्या खाली लोखंडी पट्टी असते. ती उभी बसवायची की आडवी, हे मेस्ताने आपल्या डोळ्याने ठरवले. डावीकडची पट्टी त्याने आडवी टाकली, कारण तशी ती कमळाच्या रेषेत येत होती. झाले असे की बाईंच्या हातातला दांडा उजवीकडे ढकलला की शिपाई वर उडी मारायचा आणि वर ढकलला की डावीकडे पळायचा. दुसऱ्या कोणी मेस्ताला बोलावून भांडण केले असते. बाईंनी कपाळाला आठी घातली, दोनचारदा दांडा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "अक्ष फिरलेत. एवढेच ना?" आणि तशाच खेळू लागल्या. दिगू परत आला तोवर बाईंचा हात त्या उलट्यासुलट्या दांड्यावर बसला होता. शिपाई पहिला किल्ला ओलांडत होता. दिगू म्हणाला, बाई, स्क्रू काढून आत्ता सरळ करतो. बाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. आता मी परत पहिलीत बसू काय?"

मग आर्मार तयार झाल्याचे त्यांनी वाड्यात कळवले. कळवले म्हणजे कसे, तर भिंतीवर नियम लावले. हात धुऊन यावे. नाव व इयत्ता सांगावी. खेळण्यापूर्वी एक पाढा म्हणावा. खेळ दोघांनी मिळून खेळावा. अक्षर सुंदर होते. मी म्हटले, "बाई, हा शाळेचा फळा झाला." त्या म्हणाल्या, नियमाशिवाय गोंधळ होतो. गोंधळ व्हावा म्हणून तर हे सगळे चालले आहे, असे माझ्या अगदी ओठावर आले होते. पण माझ्यावरही त्यांचा दरारा होता.

तिघेचौघे आले. आईबापांनी ढकलले म्हणून आले. हात धुतले, पाढा पुटपुटला. बाईंनी आर्मार स्वतःच्या उंचीचे करून घेतलेले, फळी पोरांच्या हनुवटीला लागायची. त्यातून तो दांडा. उजवीकडे जावे तर वर, वर जावे तर डावीकडे. शिपाई मेला, मुले "येतो बाई" म्हणून गेली ती गेलीच. त्यांच्या घरी मोबाइल होते, त्यात पाढा लागत नव्हता. बाई म्हणाल्या, शिकतील हळूहळू. पण शिकायला कोणी आले तर ना. ओसरीवर आर्मार उभे, दोन दांडे, आणि खेळणाऱ्या एकट्या बाई. मला वाटले, रिकामी कदेलां परवडली असती.

तशात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. आमच्याकडे चवथीला आरतीचे टोळके घुमट नावाचे मातीचे वाद्य आणि झांजा घेऊन घरोघर फिरते. बाईंच्या घरी गणपती नसे. त्यांच्या घराण्याचा गणपती डिचोलीला मूळ घरी, भावाकडे. बाई पहिला दिवस तिथे काढून परत आल्या होत्या. त्या संध्याकाळी मी ओसरीवर होतो. टोळके शेजारच्या घरातून निघाले, आरतीचा गलका फाटकापाशी आला आणि तसाच पुढच्या घरी गेला. त्यांचे चुकले नव्हते. गणपती नाही तिथे आरती कशाची? पण टोळक्यात वाड्यातले झाडून सगळी पोरे होती, आणि त्यातले एकही आमच्याकडे वळून बघत नव्हता. बाईंनी यंत्राचा आवाज बंद केला. म्हणाल्या, "सर, मी लोकांना इतकी नकोशी झाले काय हो?"

मी नाही म्हणालो, आणि ते फार उशिरा म्हणालो.

सकाळी त्यांनी दिगूला बोलावले. फळी खाली घे, दांडा सरळ कर. नियमांचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि त्याची घडी करून शेगडीत घातली. दिगू जाताना सांगून गेला की आता उजवीकडे म्हणजे उजवीकडे. बाईंनी मान डोलावली आणि खेळायला उभ्या राहिल्या. आणि मग जी फजिती सुरू झाली ती विचारू नका. हाताला उलट्याची सवय. समोर खड्डा, उडी मारायची तर बाई दांडा उजवीकडे ढकलायच्या आणि शिपाई आज्ञाधारकपणे खड्ड्यात चालत जायचा. पुन्हा खड्डा. पुन्हा. किल्ला सोडाच, फाटकही ओलांडता येईना. मी दोन दिवस पाहिले आणि मग हसू आवरेना म्हणून घरी बसलो.

वाड्याच्या टोकाला एक बिऱ्हाड होते, सावंतवाडीकडचे. बाप खनिजाच्या ट्रकवर होता, आता मिळेल ती गाडी चालवायचा. त्याची मुलगी वैष्णवी, दुसरीतिसरीतली असेल. नवीनच आली होती, बाईंची कीर्ती तिच्या कानावर अजून गेली नव्हती. दुकानातून गूळ घेऊन जाताना ती यंत्राच्या आवाजाने फाटकाशी थांबली. मी माझ्या अंगणातून बघत होतो. शिपाई खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तिला राहवले नाही.

"ओ बाई, वर करा, वर. पडतल्यात."

बाई पडल्या. पोरगी फाटक उघडून थेट ओसरीवर चढली. हात धुतलेले नाहीत, पुडीतला गूळ बोटांना लागलेला. तिने बाईंकडे खालून वर पाहिले आणि खरोखरच्या काळजीने विचारले,

"तुमका कोणी शिकवूक नाय?"

साऱ्या पेडणे महालाला गणित शिकवलेली बाई. मी फाटकाकडे धावलोच. पण बाई कोंकणीत बोलल्या.

"ना गो बाये. तूं शिकयशी?"

वैष्णवीने गूळ कदेलावर ठेवला, दुसरा दांडा धरला आणि शिकवायला सुरुवात केली. ती चांगली शिक्षिका नव्हती. ओरडायची. एकदा तर तिने बाईंच्या हातावर चापट मारली. बाई मात्र शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या आणि चुकत होत्या. त्या मुद्दाम चुकत होत्या, असे पुढे दिगू शपथेवर सांगायचा. मी मानत नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. इतके वाईट खेळण्याचे नाटक कोणालाच जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी मैत्रिणीला घेऊन आली, बघ, ह्यांका कायच येणा नाय, म्हणून. बातमी वाऱ्यासारखी पसरली. बाई चुकतात. ज्या मुलांच्या बापांनी बाईंपुढे घाम गाळला होता ती मुले बाई चुकताना बघायला येऊ लागली आणि बघता बघता त्यांना शिकवू लागली. खेळायला मोबाइल घरोघर होते. बाईंना शिकवायला मिळत होते ते फक्त इथे. फळी खाली आणली तरी धाकट्यांना ती उंच पडायची, म्हणून त्यांनी घरून जेवणाचे पाट आणले, त्यांवर उभी राहून शिकवायची. संध्याकाळी एकेका घरातून हाक यायची की बाये, पाट खंय? आणि मग आया पाटाच्या निमित्ताने फाटकात येऊन तासभर बोलत उभ्या राहायच्या. पांडू मेस्तही एकदा येऊन बसला, कमळ कोणी ओरबाडत नाही ना एवढे बघायला, आणि दिवेलागणीपर्यंत उठला नाही. पाढे कोणी म्हणत नव्हते. पण एकदा एका पोराने गुण मोजताना चुकवले, तेव्हा बाई खेळता खेळता इतक्या शुद्ध मराठीत "पुन्हा मोज" म्हणाल्या की अख्खी ओसरी ताठ उभी राहिली. मग सगळेच हसले.

पुढच्या चवथीला आरतीचे टोळके त्यांच्या फाटकापाशी थांबले. गणपती नव्हता, पण पोरे टोळक्यातून सुटून आत पळाली आणि मोठ्यांना त्यांच्यामागे यावेच लागले. बाईंनी सगळ्यांना करंज्या दिल्या. घुमटवाल्याने आर्मारापुढेच एक आरती म्हणून टाकली. बाई म्हणाल्या, देव सगळीकडे असतो, पण टाळ्या हळू, टीव्ही जुना आहे.

बाई आता नाहीत. आर्मार दिगूच्या दुकानात आहे. माझ्यापाशी त्यांची शेवटची आठवण आहे ती मी गाव सोडले त्या दिवसाची. मुलगा मुरगावला गोदीत नोकरीला, त्याने मला तिकडे नेले. निघायच्या दिवशी मी बॅग घेऊनच बाईंकडे गेलो. इतक्या वर्षांचा शेजार, दोन शब्द बोलावे, नमस्कार करावा. मनात वाक्ये जुळवून ठेवली होती. खरे सांगायचे तर माझ्यानंतर त्यांच्याशी संध्याकाळी कोण बोलेल, याची मला खंत होती.

ओसरी भरलेली होती. मुले पायरीवर, कठड्यावर, दोन्ही कदेलांत. बाई आणि वैष्णवी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या; पोरगी आता बरीच उंच झाली होती. शेवटचा किल्ला चालला होता, असे मला कोणीतरी कुजबुजत सांगितले. मी हाक मारली, "बाई, निघालो हं." बाईंनी मागे न बघता डावा हात वर केला, वर्गात उशिरा आलेल्या मुलाला दारातच थांबवायच्या तसा, आणि लगेच तो बटणांवर नेला. मी थांबलो. एका पोराने मला सरकून जागा दिली नाही. बस येण्याची वेळ झाली. मी आणखी एकदा हाक मारली, ती वैष्णवीच्या ओरडण्यात बुडाली.

मी फाटक लावून निघालो. नमस्कार राहिला, जुळवलेली वाक्ये तशीच राहिली. एवढ्या गर्दीत माझ्याकडे बघायला बाईंना सवड नव्हती, आणि ती बॅग मांडीवर घेऊन मी म्हापशापर्यंत खिडकीशी एकटाच हसत बसलो होतो.